तागाची भुकटी मिसळलेली फिल्म: वीस टक्के घातली, वाचलं किती?

## पार्श्वभूमी

कारखाना मध्यम आकाराचा. ब्लोन फिल्मच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक हवेने फुग्यासारखं फुगवून बनवलेल्या फिल्मच्या, तीन लाइन. त्यातली एक तीन थरांची, एबीए पद्धतीची: बाहेरचे दोन थर एकसारखे, मधला वेगळा. मुख्य माल म्हणजे रोपवाटिकांना लागणाऱ्या काळ्या पिशव्या. ७० टक्के एलडी, ३० टक्के एलएलडी (दोन्ही पॉलिथिनचेच प्रकार), वर काळा मास्टरबॅच, म्हणजे रंग दाट मिसळलेला दाणा, जाडी १६० गेज, म्हणजे ४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा माल बरीच वर्षं विनातक्रार जात होता. कारखान्याचं आणि ग्राहकाचं नाव-गाव इथे दिलेलं नाही. सल्लागार म्हणून मी या कामात तक्रार आल्यानंतर आलो, त्यामुळे आधीचा भाग तिथल्या नोंदींवरून आणि मशीनवरच्या माणसांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

सुरुवात एका मोठ्या ग्राहकाच्या मागणीने झाली. पिशवीत २० टक्के वनस्पतिजन्य धागा हवा, रंग काळा न ठेवता नैसर्गिक तपकिरी ठेवायचा आणि पिशवीवर ‘जैवविघटनशील’ असं छापायचं. तिन्ही गोष्टी एकाच पत्रात आल्या आणि कारखान्यानेही त्या एकच मागणी म्हणून घेतल्या. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ इथे आहे.

कल्पना मुळात चुकीची नव्हती. प्लास्टिकमध्ये वनस्पतींची भुकटी घालणं नवं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेकेलाइट आलं तेव्हापासून त्यात लाकडाची भुकटी घातली जात होती. आज घराबाहेरच्या फरशीसाठी वापरतात त्या लाकूड-प्लास्टिकच्या फळ्यांत तर निम्म्यापर्यंत लाकूड असतं. पण त्या सगळ्या वस्तू मिलिमीटरमध्ये मोजायच्या आणि फिल्म मायक्रॉनमध्ये. एवढ्या फरकाने सगळं गणित बदलतं.

## पहिली बॅच

तागाच्या धाग्याचे वाया जाणारे तुकडे दळून आणले. भुकटी १०० मेशच्या, म्हणजे एका इंचात शंभर भोकं असलेल्या, चाळणीतून काढलेली. ती उन्हात पसरून वाळवली, एलडी-एलएलडीच्या दाण्यात मिसळून मिक्सरमध्ये फिरवली आणि थेट फिल्मच्या लाइनच्या हॉपरमध्ये ओतली. काळा मास्टरबॅच अर्थातच काढून टाकला.

पहिल्या तासातच त्रास सुरू झाला. हॉपरमध्ये दाणा खाली आणि हलकी भुकटी वर, असं मिश्रण वेगळं होऊ लागलं. मधूनच भुकटीची कमान धरायची आणि स्क्रूला माल मिळेनासा व्हायचा, मग एकदम ढीग कोसळायचा. डायच्या, म्हणजे वितळलेला माल ज्या फटीतून बाहेर पडतो त्या साच्याच्या, तोंडाशी बारीक तडतड ऐकू येत होती. बबल, म्हणजे फिल्मचा फुगा, फुटत होता. डायमागच्या जाळीवर माल अडकून दाब चढत होता.

दाब उतरवण्यासाठी तापमान वाढवलं गेलं, बॅरलवर (स्क्रू ज्या तापत्या नळीत फिरतो तिच्यावर) १८० होतं ते हळूहळू २१० अंश सेल्सिअसपर्यंत. हा उपाय आगीतून फुफाट्यात नेणारा होता. फिल्मचा रंग गडद झाला, शेडमध्ये जळक्या साखरेसारखा आणि आंबूस असा मिश्र वास पसरला, आणि भोकं कमी होण्याऐवजी वाढली. ऑपरेटर मालकांना तेव्हाच म्हणाला होता, “साहेब, ही भुकटी आत जळतेय, गरम करून सुटणार नाही.” पण ग्राहकाला तारीख दिलेली होती. शेवटी जाडी वाढवून २०० गेज, म्हणजे ५० मायक्रॉन केली, तेव्हा कुठे बबल टिकला आणि रोल निघाले.

माल पाठवण्याआधी एक चांगली गोष्ट केली होती: फिल्म बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली. ताण-चाचणीचा अहवाल वाईट नव्हता. ताठपणा आधीपेक्षा वाढलेला, ताकद थोडी कमी, ताणल्यावर लांबणं बरंच कमी. अहवालाच्या जोरावर माल गेला.

## अडचण

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. ओली माती भरताना पिशव्या तळाच्या सीलजवळ उसवत होत्या. आणि पाणी निघण्यासाठी बाजूला जी भोकं पाडलेली असतात, त्यांपासून चीर सुरू होऊन वरपर्यंत सरळ फाटत जात होती. चीर बहुतेक वेळा उभीच, म्हणजे मशीनमधून फिल्म ज्या दिशेने ओढली जाते त्या दिशेत.

उन्हात ठेवलेल्या पिशव्यांची तिसरी तक्रार थोड्या दिवसांनी आली: रंग विटला आणि फिल्म कडक झाली. इथे दोष भुकटीच्या माथी मारला गेला, पण प्रकरण इतकं सरळ नव्हतं. काळी पिशवी ऊन सोसते ती त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे. साधारण दोन टक्के कार्बन ब्लॅक पॉलिथिनला अतिनील किरणांपासून चांगलं वाचवतो. तो काढला आणि त्याच वेळी भुकटी घातली. दोन बदल एकदम झाल्यामुळे कोणत्या बदलाने काय बिघडलं हे कुणालाच सांगता येईना. तागातलं लिग्निन (धाग्याला कडकपणा देणारा घटक) स्वतःही उन्हाने बदलतं, रंग सोडतं. पण कार्बन ब्लॅक नसलेली, इतर संरक्षक न घातलेली साधी पॉलिथिनची पिशवीही उन्हात कडक झालीच असती.

## कारणं शोधताना

मी आधी फिल्म प्रकाशासमोर धरली. लांबट, पांढुरके डोळे दिसत होते आणि बऱ्याच डोळ्यांच्या एका टोकाला तपकिरी ठिपका होता. हा वाफेचा बुडबुडा. कणातून पाण्याची वाफ निघते, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये फुगते आणि फिल्म ओढली जाताना लांबट होते. जिथे डोळा फुटला तिथे भोक.

भुकटीत किती पाणी आहे हे कारखान्यात मोजलेलंच नव्हतं. ते मोजायला मोठं उपकरण लागत नाही: दहा ग्रॅम भुकटी १०५ अंशांना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायची आणि किती घटलं ते पाहायचं. उन्हात ‘वाळलेल्या’ त्या भुकटीत आठ टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं. यात नवल नाही. वनस्पतींचा धागा हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि साध्या हवेत ८ ते १२ टक्क्यांवर जाऊन थांबतो. हाताला तो कोरडाच लागतो.

आठ टक्के म्हणजे किती, याचा हिशोब मालकांसमोर मांडला. मिश्रणात २० टक्के भुकटी, तिच्यात ८ टक्के पाणी, म्हणजे एक किलो मालात १६ ग्रॅम पाणी. १८० अंशांना, बाहेरच्या साध्या दाबाला, या १६ ग्रॅमची वाफ सुमारे ३३ लिटर होते. एक किलो वितळलेला माल स्वतः जेमतेम सव्वा लिटर. बॅरलमध्ये दाब असतो तोवर वाफ दबून राहते; डायच्या तोंडातून बाहेर पडताना दाब सुटतो आणि ती तडतड ऐकू येते. हा आकडा पाहिल्यावर भुकटी कशी वाळवायची यावर तिथे पुन्हा वाद झाला नाही.

दुसरं कारण कणाच्या आकाराचं. १०० मेशच्या चाळणीचं भोक सुमारे १५० मायक्रॉनचं. फिल्म ५० मायक्रॉनची. म्हणजे भिंतीपेक्षा जाड विटा. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा गोष्ट आणखी वाईट निघाली. तागाचा धागा दळला तरी तो पिठासारखा गोल होत नाही, त्याच्या काड्या होतात. चाळणीतून काडी उभी निसटते, त्यामुळे चाळणीचा नंबर काडीची रुंदी सांगतो, लांबी सांगत नाही. शंभर मायक्रॉन रुंद आणि चार-पाचशे मायक्रॉन लांब काड्या सर्रास होत्या. या काड्या बबल ओढला जाताना त्याच दिशेत वळतात. एकामागे एक लागलेल्या अशा काड्या म्हणजे फिल्ममध्ये आधीच आखून ठेवलेली फाटायची रेघ. चीर उभी का जात होती, याचं उत्तर इथे मिळालं. आणि एक लहानशी गोष्ट: डायमागची जाळीही १०० मेशचीच होती. ज्या नंबरच्या चाळणीतून भुकटी कशीबशी निसटली, त्याच नंबरच्या जाळीतून ती वितळलेल्या मालासोबत सतत जावी अशी अपेक्षा होती.

तिसरं कारण चिकटण्याचं. धाग्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्याला पाणी आवडतं. पॉलिथिन मेणासारखं, पाण्याला दूर ठेवणारं. दोघं एकमेकांना धरत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक काड्यांच्या कडेने रिकामी फट दिसत होती. ताण आला की काडी सुटते आणि फट वाढते.

चौथं तापमान. धाग्यातलं सेल्युलोज ३०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं, पण हेमिसेल्युलोज बरंच आधी, दोनशे अंश ओलांडताना विघटित होऊ लागतं. त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. आंबूस वास त्याचा. ते स्क्रू-बॅरललाही चांगलं नाही.

आणि मग तो प्रयोगशाळेचा अहवाल. तो खोटा नव्हता. पण ताण-चाचणीच्या पट्ट्या अरुंद असतात आणि कापणारा माणूस साहजिकच भोक नसलेल्या जागी कापतो. वर पाच-दहा पट्ट्यांची सरासरी. पिशवी मात्र सरासरीवर फाटत नाही, तिच्या सगळ्यात कमकुवत जागी फाटते. शेकडो चौरस सेंटिमीटरमध्ये एक मोठी काडी पुरते. रोपवाटिकेच्या पिशवीला खरी गरज होती ती फाटण्याच्या आणि वरून वजन पडण्याच्या चाचणीची, म्हणजे एल्मेनडॉर्फ आणि डार्टची. त्या केल्याच नव्हत्या.

## आधी करायला हवा होता तो हिशोब

तांत्रिक कारणं सापडली, पण मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक साधा हिशोब. ग्राहकाला प्लास्टिक कमी करायचं होतं. झालं का?

पॉलिथिनची घनता ०.९२ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरू. धाग्याच्या पेशीभिंतीची घनता १.५ च्या आसपास असते. भुकटी पोत्यात फुगीर आणि हलकी दिसते ती मधल्या हवेमुळे, आणि एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे स्क्रू-बॅरलच्या मशीनच्या, दाबाखाली ती हवा राहत नाही. २० टक्के वजनाने भुकटी घातली तर मिश्रणाची घनता जवळजवळ १ होते आणि भुकटी जागा व्यापते फक्त १३ टक्क्यांच्या आसपास. फिल्म तर चौरस मीटरवर वापरली जाते, किलोवर नाही. म्हणजे जाडी तीच ठेवली तरी प्लास्टिक वाचतं १३ टक्के, वीस नाही.

आता जाडी ४० वरून ५० मायक्रॉन झाली आहे. जुन्या पिशवीत दर चौरस मीटरला ३६.८ ग्रॅम प्लास्टिक होतं. नव्या पिशवीत ३९.९ ग्रॅम प्लास्टिक, आणि वर सुमारे १० ग्रॅम ताग. म्हणजे २० टक्के धागा घातलेल्या ‘हिरव्या’ पिशवीत आधीपेक्षा ८ टक्के जास्त प्लास्टिक गेलं होतं.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. टक्केवारी वजनाची, जाडीचा निर्णय मशीनवर घाईत घेतलेला, आणि दोन्ही एका कागदावर कधी आलेच नाहीत. मला मनापासून वाटतं की अशा प्रत्येक कामात पहिल्या दिवशी एकच आकडा ठरवावा: काम पूर्ण करणाऱ्या एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम प्लास्टिक. बाकीच्या टक्केवाऱ्या त्यानंतर.

## समोरचे पर्याय

चर्चेला चार वाटा होत्या.

पहिली, भुकटी सोडून द्यायची आणि साधी फिल्मच पातळ करायची. एलएलडीचं प्रमाण वाढवलं तर फाटण्याला आणि टोचण्याला विरोध वाढतो आणि जाडी कमी करता येते. या पर्यायात दाखवण्यासारखं काही नाही, पिशवी दिसते तशीच राहते. म्हणूनच तो आधी कुणी मांडला नव्हता. मी आग्रह धरला तो एवढ्यासाठी की भुकटीच्या फिल्मची तुलना जुन्या फिल्मशी करून भागत नाही. ती करायची तर पातळ केलेल्या साध्या फिल्मशी करायला हवी.

दुसरी, पॉलिथिन आणि भुकटी हाच मेळ नीट बसवायचा. बारीक कण, पूर्ण कोरडी भुकटी, चिकटवणारा घटक, आधी ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मिसळण्याच्या मशीनवर) भुकटीचा मास्टरबॅच, मग तीन थरांच्या लाइनवर मधल्या थरात. चिकटवणारा घटक म्हणजे मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन. त्याचं एक टोक धाग्याच्या हायड्रॉक्सिल गटांशी रासायनिक बंध करतं, उरलेली साखळी पॉलिथिनमध्ये मिसळून जाते. तो दोन ते पाच टक्के घालतात. त्याने फट बुजते, पण ओली भुकटी कोरडी होत नाही आणि जाड काडी बारीक होत नाही. एवढं लक्षात ठेवून तो वापरावा. भुकटी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुण्याचाही विचार झाला. त्याने मेण, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून पृष्ठभाग खडबडीत होतो, पकड सुधारते. पण बारीक भुकटी धुणं, गाळणं, पुन्हा वाळवणं आणि कॉस्टिकचं पाणी उदासीन करून सोडणं हे त्या कारखान्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तो विचार तिथेच थांबवला.

तिसरी वाट प्लास्टिकच बदलायची: पीबीएटी आणि पीएलए या कंपोस्टमध्ये कुजू शकणाऱ्या प्लास्टिकांचं मिश्रण, त्यात भुकटी. ‘जैवविघटनशील’ हा शब्द खरा करायचा असेल तर ही एकच वाट. कारण पॉलिथिनमध्ये ताग घातल्याने पॉलिथिन कुजत नाही. कमी प्रमाणात बहुतेक प्रत्येक कण प्लास्टिकने वेढलेला असतो, जिवाणू तिथे पोचतच नाहीत. जिथे पोचतात तिथे ताग कुजतो आणि मागे चाळण झालेलं प्लास्टिक उरतं, जे मातीत लवकर तुकडे होऊन मिसळतं. १९७० आणि ८० च्या दशकांत पॉलिथिनमध्ये स्टार्च घातलेल्या पिशव्यांबाबत हाच वाद झाला होता. आयएसओ १७०८८ आणि ईएन १३४३२ ही मानकं कंपोस्ट होण्याची कसोटी ठेवतात ती ९० टक्के विघटनाची, औद्योगिक कंपोस्टच्या स्थितीत, १८० दिवसांच्या आत. मातीतल्या आच्छादन फिल्मसाठीचं ईएन १७०३३ हे युरोपीय मानक दोन वर्षांत ९० टक्के मागतं. तागमिश्रित पॉलिथिन यातल्या कशाच्याही जवळ जात नाही. पण पीबीएटी-पीएलएची अडचण वेगळी: ही पॉलिएस्टरं आहेत, वितळलेल्या अवस्थेत थोडंसं पाणी असलं तरी त्यांच्या साखळ्या तुटतात. भुकटीचा ओलावा इथे दुप्पट महाग पडतो. शिवाय रोप काही महिने पिशवीत उभं राहतं आणि रोज पाणी मिळतं. तोवर पिशवी टिकायलाही हवी.

चौथी वाट फिल्म सोडून जाड वस्तूची. तीच भुकटी इंजेक्शन मोल्डिंगच्या ट्रेमध्ये वापरायची. कारखान्याकडे ते मशीन नव्हतं, पण ग्राहक ट्रेही विकत घेत होता.

## निर्णय आणि कृती

पहिला निर्णय कारखान्यात झाला नाही, ग्राहकासोबतच्या बैठकीत झाला. मागणीचे तीन भाग वेगळे केले: प्लास्टिक कमी हवं, नैसर्गिक दिसणं हवं, कुजणं हवं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लागणार होतं. वर लिहिलेला चौरस मीटरचा हिशोब फळ्यावर मांडला. ग्राहकाचा प्रतिनिधी बराच वेळ तो पाहत राहिला आणि म्हणाला, “मग आम्ही छापलेलं चूक ठरतं.” छापलेला दावा त्याच दिवशी मागे घेतला.

मग चाचण्या. एकाच लाइनवर, एकाच पाळीत तीन फिल्म काढायचं ठरलं. क, जुनीच ४० मायक्रॉनची काळी. ख, ३४ मायक्रॉनची काळी, एलएलडी ७० टक्के. ग, तीन थरांची ४० मायक्रॉनची, मधल्या अर्ध्या जाडीत २० टक्के भुकटी, बाहेरचे थर साधे. या वेळी कार्बन ब्लॅक तिन्हीत ठेवला, म्हणजे त्याचा फरक तुलनेत मधे येणार नाही.

ग साठीची तयारी सविस्तर सांगतो, कारण यश-अपयश तिथेच ठरतं. भुकटी ३२५ मेशची, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या आसपास, आणि स्वीकारण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांची लांबी पाहून. १०० अंशांच्या वर ओव्हनमध्ये पातळ थर पसरून वाळवलेली, ओलावा अर्ध्या टक्क्याच्या खाली आल्यावरच पुढे. ओव्हनमधून काढली की ताबडतोब हवाबंद पिशवीत, कारण उघडी राहिली की काही तासांत ती पुन्हा ओलावा धरते. ट्विन स्क्रूवर व्हॅक्यूम लावलेल्या, वाफ ओढून काढणाऱ्या व्हेंटसह ४० टक्के भुकटीचा मास्टरबॅच. हा मास्टरबॅच बनवून देणारा नेहमीप्रमाणे वितळलेल्या मालाची तार पाण्याच्या टाकीतून ओढून दाणा कापणार होता. ते थांबवून हवेवर थंड करून कापायला लावलं, नाहीतर वाळवण्याचे कष्ट त्या टाकीतच बुडाले असते. फिल्मच्या लाइनवर तापमान १८५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तापमान न वाढवता दाब सांभाळण्यासाठी मधल्या थराला थोडा पातळ वाहणारा, म्हणजे जास्त एमएफआयचा (वितळल्यावर वाहण्याच्या मापाचा) एलडी निवडला. जाळी ६० मेशची.

ट्विन स्क्रूच्या फीडरपाशी आणि दळणाच्या जागी धूळ ओढून घेणारी व्यवस्था आणि मास्क हेही याच यादीत होतं. वनस्पतींची बारीक धूळ हवेत दाट झाली तर ठिणगीने भडका उडू शकतो, आणि फुप्फुसांनाही ती सोसत नाही. पहिल्या बॅचच्या वेळी भुकटी फावड्याने ओतली जात होती.

## परिणाम

ग फिल्म देखणी निघाली. तडतड नाही, डोळे नाहीत, वास अगदी सौम्य, सील नीट. एवढी स्वच्छ तागमिश्रित फिल्म त्या लाइनवर निघू शकते यावर ऑपरेटरचाही आधी विश्वास नव्हता. पण ओली माती भरलेल्या पिशव्या उंचीवरून सोडल्यावर उभी चीर अजूनही क पेक्षा लवकर जात होती. ४५ मायक्रॉनला ती उत्तीर्ण झाली. हिशोब पुन्हा मांडला: ४० मायक्रॉनला ग मध्ये ३४.३ ग्रॅम प्लास्टिक, ४५ ला ३८.६. जुन्या काळ्या पिशवीत ३६.८. आणि ख, जी चाचण्यांत क च्या बरोबरीने उभी राहिली, तिच्यात ३१.३.

रोपाच्या पिशवीसाठी ख निवडली गेली. प्लास्टिक १५ टक्के कमी, दिसायला तीच काळी पिशवी. मालकांना वाईट वाटलं, कारण ग वर मेहनत झाली होती आणि ती चांगली जमलीही होती. पण भार सोसणाऱ्या, भोकं पाडलेल्या पातळ पिशवीत भुकटीला करण्यासारखं काम नाही. ती ताठपणा देते, आणि मातीची पिशवी ताठ असण्याची गरजच नाही.

ताठपणा कुठे हवा, या प्रश्नातून दुसरं उत्पादन निघालं. कुंडीतल्या रोपाभोवती गुंडाळायची बाही: तिला उभं राहायचं असतं, ओझं उचलायचं नसतं, आणि कागदासारखा खरखरीत स्पर्श तिथे हवासा वाटतो. इथे थरांची रचना उलटी केली. फिल्म वाकताना बाहेरचे थर जास्त ताण घेतात. मधली अर्धी जाडी वाकण्याच्या ताठपणात फक्त आठवा हिस्सा देते. म्हणून बाहेरच्या थरांत भुकटी, मधला थर साधा. या बाहीला काळा रंग नको होता, तेव्हा उन्हापासून वाचवणारा वेगळा घटक घातला. आधीच्या साध्या बाहीपेक्षा ती पातळ करता आली आणि ग्राहकाला हवं असलेलं नैसर्गिक रूपही इथे योग्य जागी मिळालं.

बाकीची भुकटी पॉलिप्रॉपिलीनच्या ट्रेकडे गेली, ३० टक्के, दुसऱ्या एका मोल्डिंगवाल्याकडे. तिथे जाडी मिलिमीटरची, कण त्यामानाने नगण्य, आणि भिंत जाड न करता ट्रे ताठ होतो. प्लास्टिक सुमारे २० टक्के कमी लागतं.

कुजण्याच्या मागणीला पॉलिथिनमध्ये उत्तर नव्हतं, ते तसंच सांगितलं. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीची चाचणी ग्राहक त्या क्षेत्रातल्या दुसऱ्या उत्पादकाकडून करून घेत आहे.

## काय वेगळं करता आलं असतं

ओलाव्याची चाचणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक नजर, ही दोन कामं एका सकाळी होतात. ती पहिल्या बॅचआधी झाली असती तर १०० मेशची भुकटी दारातूनच परत गेली असती. त्यानंतरही थेट मोठ्या लाइनवर न जाता, हॉट प्रेसवर दाबलेल्या लहान चकत्या काढून वास, रंग आणि बुडबुडे पाहता आले असते.

कार्बन ब्लॅक काढणं हा स्वतंत्र बदल होता, तो स्वतंत्र चाचणीत तपासायला हवा होता. पिशवी ज्या कारणाने फाटते त्याच्याशी जुळणारी चाचणी आधी निवडायला हवी होती. यासाठी एखाद्या रोपवाटिकेत उभं राहून पिशवी कशी भरतात हे पाहणं पुरेसं होतं. आणि मशीनवर जाडी वाढवण्याचा निर्णय झाला, त्या क्षणी कुणीतरी चौरस मीटरचा हिशोब करायला हवा होता. तो निर्णय ऑपरेटर आणि सुपरवायझरने नाइलाजाने घेतला, ते साहजिक होतं. पण जाडी बदलली तर कळवायचं, असा नियमच नव्हता. आता प्रोसेस कार्डावर जाडीच्या शेजारी ‘ग्रॅम प्लास्टिक प्रति चौरस मीटर’ अशी ओळ आहे आणि ती बदलली की लाइन थांबवून विचारायचं असं ठरलं आहे.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. बाहीच्या लाइनची कडेची कात्रण आणि सुरुवातीचा खराब माल साध्या पॉलिथिनच्या भंगारात मिसळता येत नाही. मिसळला तर त्या दाण्यापासून निघालेल्या फिल्ममध्ये पुन्हा ठिपके आणि भोकं येतात, आणि भुकटी दुसऱ्यांदा तापल्याने रंगही गडद होतो. सध्या ती कात्रण वेगळ्या पिंपात जमा करून ट्रे बनवणाऱ्याकडे पाठवतात. तो ती थोड्या प्रमाणातच घेऊ शकतो, कारण त्याचा माल पॉलिप्रॉपिलीनचा आहे आणि पॉलिथिन त्यात नीट एकजीव होत नाही. ट्रेसाठी पॉलिथिनचाच जाड ग्रेड वापरून पाहायची चाचणी पुढच्या खेपेला ठेवली आहे.